थेंबाची पुसलेली शेपटी

बावीस वर्षांच्या संसारात माझी बहुतेक पापं विशाखाला, म्हणजे माझ्या बायकोला, कळून चुकली आहेत. गाडी मी ठोकली आणि नाव पार्किंगवाल्या भैयाचं घेतलं, हे कळलं. गोड सोडलं म्हणून घरी सांगतो आणि हज़रतगंजला उभ्याउभ्या कुल्फी खातो, हेही कळलं. हे एक तेवढं नाही कळलेलं. आईला सांगितलं नाही, मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण छे! ही पहिलीच ओळ तीनदा खोडून झाली.

मी लखनऊच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. मूळचे आम्ही वर्ध्याकडचे. वडील सरकारी नोकरीत बदली होऊन इकडे आले, विकास नगरात घर घेतलं आणि इथलेच झाले. घरात मराठी अजून तग धरून आहे — म्हणजे मी आणि आई मराठीत बोलतो, विशाखा अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, आणि लेक सगळं समजून हिंदीत उत्तर देते. ‘पापा, प्लीज़ यार’ हे तिचं ब्रीदवाक्य. तिला नावं ठेवत नाही. मीही वैतागलो की हिंदीतच वैतागतो. फक्त लॅबमध्ये, काम करता करता, माझ्या तोंडून मराठी निघून जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम माझं थेंबांचं. हसू नका. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचा थेंब सोडला तर तो कसा वर चढतो, कसा ताणला जातो, कुठे तुटतो, हे कम्प्युटरवर गणित मांडून बघायचं. साधं पाणी असेल तर एक वेळ ठीक. माझे द्रव चिवट — शॅम्पू, अंड्यातलं पांढरं, भेंडीचा बुळबुळीत रस, त्या जातीचे. ओढले की ताणतात, सोडले की मागे येतात. आधी आपल्याला कुणी किती ओढलं हे त्यांना आठवतं, आणि ती आठवणसुद्धा गणितात धरावी लागते.

ही आठवण फार नाठाळ असते. द्रव जरा जास्त ताणखाऊ केला की आकडे फुगत जातात, फुगत जातात आणि एका क्षणी अख्खं गणित फुटतं. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसती ‘हा आकडाच नाही’ अशा अर्थाची अक्षरं. माझ्या पीएचडीच्या वेळी ती अक्षरं बघून बघून मी इतका कावलो होतो की जेवताना ताटातही तीच दिसायची.

यावर एक जुना उपाय आहे. समीकरणात एक छोटंसं जास्तीचं पद घालायचं. ते दर पायरीला ताणाच्या टोकदार जागा थोड्या थोड्या सपाट करत जातं — चुरगळलेल्या सदऱ्यावरून इस्त्री फिरवावी तसं. मी त्याला इस्त्रीच म्हणतो. मग गणित फुटत नाही. यात गुन्हा काही नाही, कित्येक जण करतात. फक्त पेपरात, म्हणजे छापायच्या शोधनिबंधात, तसं लिहायचं असतं: आम्ही इस्त्री फिरवली आहे, इतकी फिरवली आहे, आणि कमी फिरवली तरी उत्तर तेच येतं, हे बघा. एवढाच काय तो प्रामाणिकपणा.

माझ्या पेपराच्या पहिल्या खर्ड्यात तो परिच्छेद होता. खरंच होता. मग मी तो काढून टाकला — का? कारण ‘कमी करून दाखवा’ असं कुणी म्हटलं असतं तर मला दाखवता आलं नसतं. कमी केली की फुटायचं. आणखी सहा महिने डोकं फोडायची माझी तयारी नव्हती. नंतर बघू, म्हटलं. पेपर छापून आला. त्यात लिहिलं होतं की अशा द्रवात चढणारा थेंब खालच्या टोकाला छान गोल राहतो, त्याला शेपटी फुटत नाही. लोकांनी वाखाणलं. इथली नोकरी मिळाली तीही त्याच पेपराच्या जोरावर. आणि ते ‘नंतर’ काही आलं नाही.

इथवर असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. चार लोक करतात तसली लबाडी, असं म्हणून पचवली असती. पण मग निगार आली.

निगार माझी पीएचडीची विद्यार्थिनी. सरोजिनी नगरहून, तिकडे विमानतळाच्या बाजूनं, दोन टेम्पो बदलून यायची आणि तरी माझ्या आधी लॅबमध्ये हजर असायची. घराण्यात एवढं शिकणारी पहिली. बोलणं असं अदबशीर की आपण तिच्याशी ‘तुम’ म्हणून बोलतोय याचीच लाज वाटावी. मी तिला माझा प्रोग्राम दिला, पण कुलूपबंद — चालवता येईल, आत डोकावता येणार नाही. सगळे गुरुजी असंच देतात, असं मी स्वतःला सांगितलं. तर ही म्हणते, “सर, मैं अपना लिख लूँ? ख़ुद लिखूँगी तो समझ में आएगा.” मला इतका आनंद झाला! खोटं नाही सांगत. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं, हे मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलंही.

आठ-नऊ महिने लागले तिला. तिने एक नवी रीत वापरली — ताण सरळ न मोजता त्याचा लॉगरिदम मोजायचा. त्यात गणित फुटत नाही, इस्त्रीची गरजच पडत नाही. आणि एका सकाळी ती दोन चित्रं छापून घेऊन आली. डावीकडे माझ्या प्रोग्रामचा थेंब, उजवीकडे तिचा. माझा गोल. तिच्याला खाली टोक आलेलं, टोकातून बारीक तार निघालेली, आणि तारेवर मण्यांसारखे लहान लहान थेंब.

मला समजायला किती वेळ लागला असेल? चित्र हातात घेऊन खुर्चीत बसेपर्यंत. तेवढाच. शेपटी होतीच — माझ्या इस्त्रीनं ती इतकी वर्षं पुसून टाकली होती.

मी म्हटलं, जेवून ये, मग बोलू. ती गेली. मी दार लावून घेतलं, माझा प्रोग्राम उघडला, इस्त्रीच्या जागी शून्य टाकलं आणि चालवलं. फुटायच्या अगदी आधी, चार-दोन पायऱ्या आधी, माझ्याही थेंबाला खाली टोक आलं. मग फुटलं. मी त्या निकालाची फाइल पुसली. इस्त्री जागेवर ठेवली. ती जेवून आली तेव्हा मी चहा पीत होतो आणि म्हटलं — तुझ्या प्रोग्राममध्ये कुठेतरी गडबड आहे, शोध.

हेच ते. हे म्हणायला मला इतकी पानं लागली. पण थांबा, एवढंच नाही. एकदा बोलून मोकळा झालो असतो तर तो एका दिवसाचा भित्रेपणा झाला असता. मी चौदा महिने तिला शोधायला लावलं.

चौदा महिने! रोज सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं की मी विचारायचो, “सापडलं का?” मराठीतच. सवयीनं पहिल्यांदा निघालं आणि मग तेच रूढ झालं. तिला ते शब्द आवडले होते. हसून म्हणायची, “नहीं सापडलं, सर.” काय सापडायचं होतं, सांगा? जे मुळात नव्हतंच ते? आणि मी रोज विचारत होतो. आवाजात काळजी आणून विचारत होतो. माझा आवाज मला अजून ऐकू येतो, त्यातली ती काळजी इतकी चांगली वठलेली असायची की कधी कधी मलाच खरी वाटायची.

तिने एक हिरवी वही केली होती. प्रोग्रामच्या एकेका तुकड्याला एक पान. तपासला, पुन्हा तपासला, हातानं गणित करून ताडून बघितला, बरोबर निघाला की पानावर छोटी खूण. पुढे पुढे त्या खुणा थरथरलेल्या दिसतात. नंतर नंतर तिचं हसणं कमी झालं. “नहीं सर” एवढंच म्हणायची, ‘सापडलं’ गळून गेलं.

एकदा — हे सांगायलाच हवं — ती जरा धिटाईनं म्हणाली, “सर, एक बात कहूँ? कल अम्मी भिंडी काट रही थीं. छुरी उठाओ तो तार बनता है न? बिल्कुल वैसा ही, मेरे वाले जैसा.” लॅबमध्ये आणखी दोन विद्यार्थी बसलेले. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि म्हटलं, “निगार, रिसर्च रसोई में नहीं होती.” ते दोघे हसले. तीही हसली बिचारी, मान खाली घालून. शेपटी खरी आहे याचा याहून धडधडीत पुरावा कुठला असतो? रोज लाखो घरांत सुरीच्या पात्याला लटकत असतो तो. तिने माझ्यासमोर आणून ठेवला आणि मी त्याची थट्टा केली. तुम्ही म्हणाल, आता याच्या घशाखाली भेंडी उतरत नसेल. उतरते हो. मला भेंडी आवडते, अजूनही आवडते, आणि चिरायलाही मीच बसतो. तार निघते, मी बघतो, फोडणीला टाकतो, पोटभर जेवतो.

मग तिचे अब्बा आले. रोडवेजच्या सरकारी बससेवेतून निवृत्त झालेले, स्वच्छ इस्त्रीचा कुर्ता, हातात ईदच्या शेवयांचा डबा. खुर्चीत टेकायलाही तयार नाहीत. म्हणाले, “डॉक्टर साहब, बिटिया आजकल खाना ठीक से नहीं खाती. बस इतना बता दीजिए, उससे हो तो जाएगा न?” मी काय सांगावं? मी सांगितलं, मेहनती आहे हो, पण संशोधन सगळ्यांच्याच वाट्याचं नसतं. त्या गृहस्थांनी दोन्ही हात जोडले. माझे आभार मानले — खरं सांगितल्याबद्दल! तो डबा मी घरी आणला आणि आम्ही सगळ्यांनी शेवया खाल्ल्या. आईनं विचारलं कुणी दिल्या, मी म्हटलं एका विद्यार्थिनीच्या घरून. आई म्हणाली, किती माया आहे बघ तुझ्यावर पोट्ट्यांची.

वर्षाचा आढावा होता, तीन प्राध्यापकांच्या कमिटीपुढे. निगार उभी राहिली आणि तिने दोन्ही चित्रं दाखवली आणि सरळ म्हणाली, “मेरे प्रोग्राम में कोई ग़लती है, जो मुझे अब तक नहीं मिली.” कमिटीतल्या एका बाईंनी, भल्या बाई होत्या, माझ्याकडे वळून विचारलं, “आपका पुराना वाला तो ठीक है न, सर?” शेवटची संधी म्हणतात ती हीच. निगार माझ्याकडे बघत होती, आणि तोंडातून एक वाक्य काढलं असतं तर सगळं तिथल्या तिथे सरळ झालं असतं. मी म्हटलं, “वो तो छप चुका है.”

बघा, मी खोटंही बोललो नाही. छापून आलंय, म्हटलं. आलंच होतं.

दोन महिन्यांनी ती सोडून गेली. जाताना माझ्या टेबलावर हिरवी वही ठेवून गेली, पुढे कुणाच्या कामी येईल म्हणून. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, ‘सब देख लिया. मुझसे नहीं मिला.’ वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे. तिच्या गणितात एकही चूक नाही.

आता तुमच्या मनात येईल, याला कारण काय झालं असेल? कारण आहे माझ्याकडे, चांगलं तयार आहे. आम्ही बौद्ध. या खात्यात रुजू झालो त्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागे काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे, आणि त्यानंतर कितीदा तरी. माझी एक चूक सापडली तर ती माझ्या एकट्याची राहणार नव्हती. ‘देखा, हम कहते थे न’ असं म्हणायला लोक टपलेलेच होते. ही भीती खरी होती. तिच्यात काडीचं खोटं नाही.

पण मग निगार कोण होती? तिच्याही पाठीमागे लोक तेच बोलत नव्हते का? तीही तिच्या घरातलं पहिलंच माणूस नव्हती का? घरातलं पहिलं माणूस हात हलवत परत येतं तेव्हा मागच्यांचं काय होतं, हे त्या कॉलेजात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. म्हणून सांगतो, हे कारण माझ्या बाजूचं नाहीच. ज्याला माहीत नव्हतं त्याने केलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो. मी सगळं माहीत असून केलं.

आणि एक. तिचा शोध मी चोरला नाही. याचं कौतुक मनात आणू नका. चोरायचा तरी कसा? शेपटी आहे म्हटलं असतं तर माझ्या पेपरात ती का नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून तो तसाच मरू दिला.

कित्येक वर्षांनी, या हिवाळ्यात ती भेटली. हज़रतगंजला मेट्रोच्या दाराबाहेर, दुपारची वेळ, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र. मी तोंड चुकवणार होतो, तिनेच हाक मारली. अगदी मनापासून हसली. कसे आहात, आंटीजी कशा आहेत, विद्यार्थी कोण आहेत सध्या. म्हणाली, ऑफिसात दिवसभर तक्ते भरते, काम सोपं आहे, डोक्याला ताप नाही. “अच्छा ही हुआ सर, आपने अब्बा को वक़्त पर समझा दिया. मैं उस लायक़ थी ही नहीं.” मी काहीतरी पुटपुटलो — अरे नहीं नहीं, असलं काहीतरी. ती जायला निघाली. चार पावलं गेली, आणि वळून, जुन्या थट्टेच्या सुरात तिने विचारलं:

“सर, सापडलं का?”

थट्टा होती, पण डोळे थट्टेचे नव्हते. एवढ्या वर्षांनी तिला अजून ते हवं होतं. कुणाला तरी मिळालं का, कुठल्या ओळीत होतं, काय चुकलं होतं तिचं — एवढंच. रस्ताभर माणसं होती, रिक्षावाले ओरडत होते, कमिटी नव्हती, खातं नव्हतं, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. मी म्हटलं, “नाही सापडलं.” ती म्हणाली, “चलिए, कोई बात नहीं,” आणि गर्दीत गेली.

तेव्हा कशाची भीती होती? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधलंही नाही फारसं.

पेपर आजही तसाच आहे. दुरुस्ती पाठवलेली नाही. पाठवीन असंही तुम्हाला सांगत नाही, कारण ते मी स्वतःला फार वर्षं सांगत आलोय. आणि हे सगळं मी मराठीत का लिहिलं? आधी मनाशी म्हटलं, आपली भाषा आहे, मनातलं हिच्यातच नीट उतरतं. तेही खरं नाही. निगार, तिचे अब्बा, कमिटीतल्या त्या बाई — ज्यांना हे कळायला हवं त्यांतल्या एकालाही मराठी येत नाही. इथे मी पुन्हा इस्त्रीच फिरवली आहे.

लिपी मात्र निगारला येते. हे कागद कधी तिच्या हाती पडले तर अक्षरं लागतील, अर्थ लागणार नाही. मी तिला आपल्या भाषेतले दोनच शब्द शिकवले, ते तेवढे ती ओळखेल. त्यांचं उत्तर मी तिला हिंदीत देऊ शकलो असतो, मेट्रोच्या दारात. दिलं नाही. इथे लिहून ठेवतो.

सापडलं होतं, निगार. पहिल्याच दिवशी, तू जेवायला गेलीस तेव्हा. माझ्याकडे होतं.